अलास्कात छोट्या विमानाने ग्लेशियरवर स्कीइंगला जायचंय? प्लॅनिंग कसं करायचं ते सांगते

सगळ्यात आधी परतीच्या विमानाबद्दल बोलते, कारण बहुतेक जण प्लॅनिंग जायच्या विमानापासून सुरू करतात आणि तिथेच गणित चुकतं. जाताना हवा खराब असली तर तुम्ही गावात अडकता, तिथे गरम जेवण आहे, पलंग आहे, वायफाय आहे. येताना हवा खराब असली तर तुम्ही बर्फावर अडकता, एक दिवस, तीन दिवस, कधी आठवडाभर, आणि त्या वेळी तंबूत जे आहे तेवढंच तुमचं. म्हणून अख्खी ट्रिप मागून पुढे आखायची. विमान ठरल्या दिवसानंतर पाच दिवसांनी आलं तर काय खाणार, काय जाळणार, घरच्यांना कोण कळवणार, ऑफिसला काय सांगणार, हे आधी लिहून काढा आणि मग स्की कुठे करायचं त्याच्याकडे वळा.

मी मूळची नाशिकची, सह्याद्रीत फिरत वाढले, स्की पहिल्यांदा पायात घातली ती गुलमर्गच्या कोर्सला, आणि आता बरीच वर्षं अँकरेजला राहते. दरवर्षी एप्रिलमध्ये आमचा तिघा-चौघांचा ग्रुप विमानाने अलास्का रेंजमध्ये जातो, त्यामुळे खाली जे लिहितेय ते करून, चुकून, परत करून शिकलेलं आहे. अमेरिकेत राहणारे बरेच मराठी लोक आता स्की टूरिंग, म्हणजे लिफ्टशिवाय स्कीवरच डोंगर चढून उतरणं, करायला लागलेत, त्यांना हे उपयोगी पडेल.

जागा कुठली निवडायची

पहिल्यांदा जाणाऱ्याला मी डोळे मिटून रूथ ग्लेशियर सांगते. टॅल्कीटना नावाचं छोटं गाव आहे, अँकरेजपासून गाडीने दोन-अडीच तास, तिथून एअर टॅक्सीवाले, म्हणजे भाड्याने छोटी विमानं नेणाऱ्या कंपन्या, उडतात. अर्ध्या-पाऊण तासात तुम्ही डॉन शेल्डन अँफिथिएटरमध्ये उतरता. हा साधारण १,७५० मीटर उंचीवरचा बर्फाचा प्रचंड मोठा वाडगा आहे, चारी बाजूंनी डोंगर आणि मध्ये सपाट पांढरं मैदान. डॉन शेल्डन म्हणजे ग्लेशियरवर विमानं उतरवणाऱ्या पायलटांमधलं फार मोठं नाव, त्यांनी १९६६ मध्ये इथल्या एका खडकावर षटकोनी झोपडी बांधली, माउंटन हाउस, ती अजूनही उभी आहे आणि आधी बुकिंग केलं तर राहायलाही मिळते. उंची कमी असल्यामुळे डोकेदुखी-मळमळ असल्या भानगडी नाहीत, उतार सौम्यापासून कठीणपर्यंत सगळे आहेत, आणि खाली रूथ गॉर्ज, म्हणजे दोन्ही बाजूंना दीड-दीड किलोमीटर उंच ग्रॅनाइटच्या भिंती आणि मधून वाहणारा एक किलोमीटरपेक्षा जास्त जाडीचा बर्फ. त्या भिंतींखालून स्की करत जाताना आपण किती लहान आहोत ते पोटात जाणवतं, मला अजूनही दरवेळी जाणवतं.

दुसरी जागा कहिल्टना बेस कॅम्प, २,२०० मीटर, डेनाली, म्हणजे उत्तर अमेरिकेतलं सगळ्यात उंच शिखर, चढणारे बहुतेक सगळे इथे उतरतात म्हणून मे-जूनमध्ये गर्दी असते. तिसरी पिका ग्लेशियर, तिला लिटल स्वित्झर्लंड म्हणतात, तिथे जास्त करून खडक चढणारे जातात. दोन्ही छान आहेत, पण पहिल्या ट्रिपला रूथच.

आणि एक, विमान हवं तिथे उतरत नाही. हा सगळा भाग डेनाली नॅशनल पार्कमध्ये येतो. १९१७ मध्ये जो मूळ पार्क झाला त्या जुन्या हद्दीत लँडिंगला परवानगी नाही, १९८० मध्ये पार्क वाढवलं तेव्हा जो भाग जोडला गेला त्यातल्या ग्लेशियरवर उतरता येतं, आणि भाड्याने नेणाऱ्यांपैकी फक्त पार्कने परवाना दिलेल्या कंपन्यांना. त्यामुळे नकाशात मस्त उतार दिसला म्हणून तिथेच उतरवा असं होत नाही, एअर टॅक्सीला आधी विचारायचं की तुम्ही कुठे कुठे उतरता, आणि त्यावरून आपला बेस कॅम्प ठरवायचा.

कधी जायचं

एप्रिलचा मध्य ते मेचा मध्य. मार्चमध्ये थंडी फार कडक असते, रात्री उणे ३० सुद्धा होऊ शकतं. एप्रिलमध्ये उणे १५-२० धरून चला, दिवस पंधरा तासांच्या आसपास मिळतो, आणि मुख्य म्हणजे हिवाळ्याचा बर्फ जाड असतो त्यामुळे क्रेव्हासवरचे, म्हणजे ग्लेशियरमधल्या खोल भेगांवरचे, बर्फाचे पूल मजबूत असतात. जून उजाडला की खालच्या ग्लेशियरवर हे पूल खचायला लागतात, दुपारी बर्फ भिजलेल्या साबुदाण्यासारखा होतो आणि विमानालाही त्रास होतो.

हा विमानाचा त्रास म्हणजे काय ते एका जुन्या गोष्टीवरून नीट कळतं. १९३७ मध्ये बॉब रीव्ह नावाच्या पायलटने ब्रॅडफर्ड वॉशबर्न आणि रॉबर्ट बेट्स या दोघांना माउंट लुकेनियाच्या पायथ्याशी वॉल्श ग्लेशियरवर उतरवलं. हवा अचानक गरम झाली, बर्फाचा चिखल झाला आणि विमान त्यात रुतलं. बरेच दिवस धडपड करून रीव्ह कसाबसा एकटा उडाला, आणि परत येणं शक्य नव्हतं. टीममधले बाकीचे दोघे आलेच नाहीत. वॉशबर्न आणि बेट्स मग लुकेनिया चढले, पलीकडे उतरले आणि शेकडो किलोमीटर चालत, उपाशीतापाशी बाहेर पडले. ते दोघे तसेच तयारीचे होते. आपण नाही, म्हणून तारीख निवडताना थंडीचा त्रास सहन करा पण उशीर करू नका.

कोणी जावं

हे जरा स्पष्टच लिहिते. रिसॉर्टमध्ये ब्लॅक रन, म्हणजे सगळ्यात कठीण उतार, करता येते म्हणजे इथे यायला तयार आहात असं नाही. ग्रुपमधल्या प्रत्येकाला, प्रत्येकाला म्हणजे एकालाही सूट नाही, तीन गोष्टी यायला हव्यात. एक, हिमस्खलनाचा लेव्हल वन कोर्स झालेला हवा आणि त्यानंतर बीकन (बर्फात गाडलेल्याला शोधायला प्रत्येकाच्या अंगावर असलेलं रेडिओ यंत्र) शोधायचा सराव चालू हवा, कारण गाडला गेलेला माणूस जिवंत सापडायचा तर पहिली दहा-पंधरा मिनिटंच हातात असतात आणि तिथे बाहेरून कोणी येणार नसतं. दोन, क्रेव्हासमधून माणूस ओढून काढता यायला हवा, हार्नेस घालून, जाड हातमोजे घालून, पाठीवर बोजा असताना, फक्त यूट्यूब बघून नाही. तीन, सामानाची वजनदार स्लेड (बर्फावरून ओढायची घसरगाडी) मागे बांधून स्की करता यायला हवं, चढावर आणि उतारावर, कारण उतारावर स्लेड मागून येऊन पोटऱ्यांवर आपटते आणि तेव्हा कळतं की आपण किती कच्चे आहोत.

यातलं काही येत नसेल तर गाइड घ्या. खर्च होतो, पण गाइडबरोबर गेलेली पहिली ट्रिप म्हणजे आठवडाभराची शाळा असते, मी स्वतः पहिली ट्रिप गाइडबरोबरच केली. आणि ग्रुप तीन किंवा चार जणांचा ठेवा. दोघंच असाल आणि एक जण क्रेव्हासमध्ये पडला तर दुसऱ्याने एकट्याने त्याचं वजन पकडायचं, अँकर बनवायचा आणि वर ओढायचं, ते जमणारी माणसं आहेत पण फार थोडी.

परवानगी आणि एअर टॅक्सी

डेनाली किंवा शेजारचं फोरेकर शिखर चढायचं असेल तर ६० दिवस आधी नोंदणी आणि परमिट लागतं, फी लागते. रूथवर स्की करायला तसं नाही, पण पार्कची एंट्री फी भरा आणि टॅल्कीटनाच्या रेंजर स्टेशनवर नक्की जाऊन या. त्याचं नाव वॉल्टर हार्पर रेंजर स्टेशन, १९१३ मध्ये डेनालीच्या शिखरावर पहिलं पाऊल ठेवणाऱ्या अथाबास्कन तरुणाच्या नावावरून. रेंजर लोक त्या आठवड्यात कुठे क्रेव्हास उघडल्यात, कुठून काय पडलं ते सांगतात, आणि ती माहिती कुठल्याही अॅपवर मिळत नाही. शौचासाठी झाकणाचे हिरवे डबे मिळतात, त्यांचे नियम तिथेच समजून घ्या. आम्ही सगळं डब्यात भरून परत आणतो. पुढच्या माणसाला त्याच बर्फाचं पाणी करून प्यायचं असतं.

एअर टॅक्सीला जानेवारीतच फोन करा. ईमेल नको, फोन, कारण विचारायचं बरंच असतं. कुठलं विमान, किती जण, माणशी सामान किती, वरच्या वजनाला किती पैसे, वेटिंगचे दिवस कसे धरता, हवा बिघडली तर आधी कोणाला उचलता, आणि आमच्याशी संपर्क कसा ठेवणार. सामान माणशी ५५-६० किलोच्या आसपास धरतात पण आपल्या कंपनीचा आकडा विचारूनच घ्या. विमान बहुतेक डी हॅविलँड ऑटर किंवा बीव्हर असतं, दोन्ही जुन्या डिझाइनची, बीव्हर पहिल्यांदा १९४७ मध्ये उडलं आणि ऑटर १९५१ मध्ये, पण थोड्या जागेत उडायला आणि उतरायला त्यांच्या तोडीचं अजून फार काही नाही. चाकं आणि स्की दोन्ही असतात. गावातल्या धावपट्टीवरून चाकांवर उडायचं आणि वर गेल्यावर पायलट हायड्रॉलिक पंपाने स्की खाली घेतो, खिडकीतून बघितलं तर चाकाच्या बाजूने स्की सरकताना दिसते. पहिल्यांदा बघाल तेव्हा मोबाइल बाजूला ठेवून बघा.

टॅल्कीटनात जाताना एक दिवस आणि येताना किमान तीन दिवस मोकळे ठेवा, भारतात परतीचं तिकीट असेल तर पाच. ऑफिसमध्ये आधीच सांगून ठेवा की रविवारी येणार म्हणजे बुधवारही होऊ शकतो. परतीच्या तिकिटाच्या घाईत लोक खराब हवेत पायलटला आग्रह करतात, किंवा शिखर होत नाही म्हणून शेवटच्या दिवशी नको त्या उतारावर चढतात, आणि या दोन्हीतून जीव गेलेत.

खाणं आणि इंधन

इथे मी जरा रेंगाळणार, कारण ट्रिप बिघडते ती इथेच.

थंडीत स्लेड ओढत स्की करताना माणशी चार हजार कॅलरीच्या वर लागतात. बाजारात मिळणारी फ्रीज-ड्राय पाकिटं दोन दिवस बरी लागतात, मग कंटाळा येतो आणि माणूस कमी खायला लागतो, आणि कमी खाल्लं की थंडी वाजते. आमच्याकडे रात्रीचं ठरलेलं असतं, पिठलं-भात. घरीच बेसन तेलावर खमंग भाजून घ्यायचं, त्यात तिखट, मीठ, हळद, हिंग, सुकवलेला कांदा-लसूण, थोडी आमचूर मिसळून पाकिटं करायची, तिथे उकळत्या पाण्यात सोडून ढवळलं की पाच मिनिटांत पिठलं. भात झटपट होणारा घ्यायचा, नेहमीचा तांदूळ शिजवायला इंधन फार जातं. वर तूप. तूप थंडीत दगड होतं म्हणून घरूनच लहान लहान वड्या पाडून न्यायच्या. सकाळी सातूचं पीठ, गूळ पावडर आणि सुंठ गरम पाण्यात, किंवा तयार उपमा. दिवसा खायला डिंकाचे लाडू, पण आख्खे नेऊ नका, उणे १५ ला ते दातांनी फुटत नाहीत, घरीच चुरा करून पिशवीत भरा. चिक्कीचंही तेच. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, लसणाची चटणी यांना वजन नाही आणि सातव्या दिवशी त्यांच्यामुळे जीव येतो.

ठरलेल्या दिवसांवर पाच दिवसांचं जास्तीचं खाणं वेगळ्या पिशवीत बांधा, त्यावर मोठ्या अक्षरात लिहा आणि परतीच्या दिवसापर्यंत ती पिशवी उघडू नका.

इंधन म्हणजे व्हाइट गॅस, नावात गॅस असला तरी हे पेट्रोलसारखं द्रव इंधन आहे. गॅसचे छोटे सिलिंडर थंडीत मरगळतात, प्रेशर राहत नाही. प्यायचं पाणीसुद्धा बर्फ वितळवून करायचं असल्यामुळे माणशी रोज पाव लिटर धरा. तिघं जण, सात दिवस अधिक पाच, म्हणजे साधारण नऊ लिटर, इंधन गॅलनच्या डब्यात मिळतं तर तीन डबे घ्या. हे टॅल्कीटनात एअर टॅक्सीकडेच सांगून ठेवायचं, मोठ्या विमानातून इंधन नेता येत नाही आणि वापरलेला स्टोव्हसुद्धा स्वच्छ धुतलेला, वास न येणारा हवा नाहीतर काउंटरवरच काढून घेतात.

स्टोव्ह दोन न्या. एकावर भागेल असं वाटतं, आम्हालाही वाटलं होतं. तिसऱ्या ट्रिपला आमच्या स्टोव्हच्या पंपाचं वॉशर थंडीत फाटलं, इंधन भरपूर आणि पेटवायला काही नाही, तेव्हा शेजारच्या ग्रुपने त्यांचा जास्तीचा पंप दिला म्हणून निभावलं. शेजारी ग्रुप असेलच असं नाही. तेव्हापासून दोन स्टोव्ह, एक जास्तीचा पंप, वॉशर, आणि स्टोव्हखाली ठेवायला प्लायवूडची छोटी फळी, नाहीतर स्टोव्ह बर्फ वितळवत स्वतःच खाली जातो. आणि झोपायच्या तंबूत बंद दारं करून स्टोव्ह कधीही पेटवू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो.

सामान भरताना

सगळी यादी देत नाही, स्की टूरिंगची यादी कुठेही मिळते, फक्त विमानामुळे आणि ग्लेशियरमुळे जे वाढतं ते सांगते. तिघांना ४० ते ५० मीटरचा दोर, प्रत्येकाला हार्नेस, प्रूसिक (दोरावर गाठ मारून चढायच्या बारीक दोऱ्या), पुली, आइस स्क्रू, बर्फात पुरायचे पिकेट. बांबूच्या बारीक काठ्या, वर रंगीत टेप लावलेल्या, ४०-५० तरी, त्यांना वाँड म्हणतात, ढगात परतीचा रस्ता या काठ्याच दाखवतात. दोन मोठी मजबूत फावडी, हिमस्खलनासाठीची छोटी फावडी वेगळी. बर्फ कापायची करवत. स्कीच्या बाइंडिंगचे स्क्रू, तार, टेप, स्की स्ट्रॅप. चष्मा दोन जोड, कडेने बंद असलेला, कारण बर्फावरून उलटून येणाऱ्या उन्हाने डोळे भाजतात आणि सनस्क्रीन लावताना नाकपुड्यांच्या आतून आणि हनुवटीखाली लावा, तिथे खालून ऊन लागतं हे कोणी सांगत नाही. स्लेड गावात एअर टॅक्सीकडेच मिळतात, आधी विचारून ठेवा.

विमानात द्यायच्या आधी सगळ्याचं वजन होतं, तुमचंही, बूट घालून. खरं वजन सांगा. क्रॅम्पॉनच्या (बुटाखाली लावायच्या लोखंडी काट्यांच्या) टोकांना कव्हर, स्की एकत्र बांधून, लोंबणारा पट्टा एकही नको. एक छोटी बॅग मात्र हातात ठेवा ज्यात जाड जॅकेट, हातमोजे, हार्नेस, सॅटेलाइट डिव्हाइस आणि बीकन असेल, कारण उतरल्या उतरल्या हेच लागतं. चार्ज झालेल्या बॅटऱ्या अंगाशी ठेवा, थंडीत त्या अर्ध्याच चालतात.

उतरल्यावर पहिले दोन तास

विमान बहुतेक वेळा चढाच्या दिशेने उतरतं, वर जाऊन वळतं आणि तोंड उताराकडे करून थांबतं. पायलट सांगेपर्यंत दार उघडायचं नाही, उतरलं की शेपटीच्या बाजूने, पंख्याच्या दिशेने एक पाऊलही नाही. सामान एका बाजूला ढीग करून ठेवायचं आणि विमान निघताना त्या ढिगावर पालथं पडायचं, अक्षरशः पोटावर झोपायचं, हात पसरून, कारण पंख्याच्या वाऱ्याने स्लीपिंग बॅग उडून गेलेली मी पाहिली आहे आणि ती परत मिळाली नाही. चेहऱ्यावर बर्फाचे कण सुयांसारखे टोचतात, मग आवाज लांब जातो, डोंगरामागे जातो, आणि नंतर इतकं शांत होतं की स्वतःच्या कानातलं रक्त ऐकू येतं. आमच्यातल्या एकीला पहिल्या वेळी तिथेच रडू आलं होतं, भीतीने नाही, कशाने ते तिलाही सांगता आलं नाही.

पण तिथे रेंगाळू नका. दोर बांधा. कॅम्पची जागा ठरवा, कुठल्याही मोठ्या उताराच्या खाली नको, आणि विमानाच्या वाटेपासून लांब. मग प्रोबने, म्हणजे लांब बारीक दांडीने, पूर्ण जागा टोचून बघायची, दीड-दोन पावलांवर एक, खाली पोकळ लागतंय का. जिथपर्यंत टोचलं तिथपर्यंत चारी बाजूंनी वाँड रोवायच्या आणि त्या चौकोनाच्या बाहेर दोराशिवाय जायचं नाही, रात्री लघवीला सुद्धा नाही. यात शॉर्टकट मारलेला चालत नाही.

मग फावडी काढायची. तंबूची जागा एक-दीड फूट खोल खणून सपाट करायची, कापलेल्या बर्फाच्या विटा रचून वाऱ्याच्या बाजूला भिंत, स्वयंपाकासाठी वेगळा खड्डा, वर एका खांबाचा बिनतळाचा तंबू, आत बसायला बर्फाचाच ओटा. दोन-तीन तास जातात, पण वादळात त्याच स्वयंपाकघरात तुम्ही दिवस काढता. खाणं पुरून ठेवायचं तर किमान एक मीटर खोल पुरा. अस्वल वगैरे इथे नाही, डोमकावळे आहेत, त्यांना प्लास्टिकची पिशवी बर्फाखाली कुठे आहे ते बरोबर कळतं आणि ते चोचीने सगळं फाडून टाकतात.

स्की करताना

पहिला दिवस कॅम्पच्या आसपासच घालवा, बर्फाचा खड्डा खणून थर बघा, उतार बघा, सवय होऊ द्या. ग्लेशियरवर सपाट चालताना सुद्धा दोर, दोघांत १२ ते १५ मीटर अंतर, दोर ना ताणलेला ना लोळणारा. स्की पायात असताना वजन पसरतं म्हणून क्रेव्हासच्या पुलावर चालण्यापेक्षा स्कीवर जास्त सुरक्षित असता, त्यामुळे फोटो काढायला म्हणून स्की काढून इकडे तिकडे फिरू नका.

हिमस्खलन ३० ते ४५ अंशांच्या उतारावर जास्त होतं, आणि स्कीला मजा पण तिथेच येते, हा तिढा कोणालाच चुकलेला नाही. आमचा नियम असा आहे की वादळानंतर किमान एक पूर्ण दिवस कुठल्याही मोठ्या उतारावर जायचं नाही, कितीही निळं आकाश असलं तरी. वादळं अलास्काच्या आखाताकडून येतात आणि डोंगरांच्या या दक्षिण बाजूला एका रात्रीत मीटरभर बर्फ टाकून जातात, त्याला बसायला वेळ लागतो.

चांगली हवा आणि अनुभव असेल तर माउंट डिकी हे अँफिथिएटरमधून दिवसभरात होणारं सुंदर शिखर आहे, २,९०९ मीटर, मागच्या पश्चिम बाजूने स्कीवर वर जाता येतं. फक्त माथ्यावर सावध, कारण पूर्वेला दीड किलोमीटरचा सरळसोट कडा आहे आणि काठावर बर्फाचं छज्जं बाहेर आलेलं असतं, वरून बघितलं तर जमीनच वाटते. काठापासून लांब थांबा, दोर सोडू नका. आपल्याकडे कोकणकड्यावर पोटावर झोपून खाली बघतात तसं इथे अजिबात करायचं नाही.

ढग खाली आले की सगळं पांढरं होतं, वर-खाली कळत नाही, उभ्या उभ्या चक्कर येते. जाताना दर काही अंतरावर वाँड लावलेल्या असतील आणि जीपीएसवर ट्रॅक असेल तर येता येतं. नसेल तर थांबणं बरं, आणि त्यासाठीच रोजच्या बॅगेत रात्र काढण्याइतकं सामान हवं.

संपर्क

मोबाइल चालत नाही असं धरून चला. सॅटेलाइट मेसेंजर प्रत्येक ग्रुपकडे दोन, शक्य असेल तर एक सॅटेलाइट फोन. घरी एक माणूस असा ठरवा जो दिवसातून एकदा हवामानाचा अंदाज वाचून थोडक्यात पाठवेल, वारा, बर्फ, ढग, एवढंच. माझ्यासाठी हे काम अँकरेजमधली मैत्रीण करते. आईला नाशिकला मी रोज एक ठरलेला मेसेज टाकते, इथे सकाळचे ८ म्हणजे तिकडे रात्रीचे साडेनऊ. तिला आधीच सांगून ठेवलंय की एक दिवस मेसेज आला नाही तर बॅटरी असेल, दोन दिवस नाही आला तर मैत्रिणीला फोन कर, थेट रेस्क्यूला नको. हे बोलून ठेवलं नाही तर घरी काय हाल होतात ते मी बघितलंय.

एसओएस दाबलं म्हणजे हेलिकॉप्टर आलं असं नाही. ज्या ढगात तुमचं विमान येऊ शकत नाही त्याच ढगात हेलिकॉप्टरही येत नाही. म्हणून पाय मोडलेल्या माणसाला दोन दिवस गरम ठेवून सांभाळता येईल एवढं औषधपाणी आणि ज्ञान ग्रुपमध्येच हवं. इन्शुरन्स घेताना पॉलिसीत ग्लेशियर, दोर आणि ऑफ-पिस्ट (आखलेल्या उतारांबाहेरचं) स्कीइंग चालतं का ते वाचा, नेहमीच्या ट्रॅव्हल पॉलिसीत बऱ्याचदा हे वगळलेलं असतं.

परतीचा दिवस

दोन वर्षांपूर्वी आम्ही ठरल्या दिवसानंतर चार दिवस बसून होतो. रात्री दर तीन तासांनी उठून तंबू उकरायचा, नाहीतर छताचा भार वाढून दांड्या वाकतात आणि आतली हवा कोंडते. पाचव्या दिवशी पहाटे चांदण्या दिसल्या आणि आम्ही लगेच धावपट्टी तुडवायला घेतली. ताज्या मऊ बर्फात विमान रुततं, त्यामुळे तिघांनी स्कीवर खांद्याला खांदा लावून वर-खाली, परत वर-खाली, पूर्ण पट्टी दाबून काढायची आणि मग दोन-तीन तास ती तशीच सोडायची म्हणजे बर्फ घट्ट धरतो. लांबी-रुंदी किती हवी ते गावातच पायलटला विचारून ठेवलेलं असावं. दोन्ही कडांना काळ्या कचऱ्याच्या पिशव्या बर्फ भरून ओळीत ठेवायच्या, त्याने पायलटला उंचीचा अंदाज येतो. रिकामी पिशवी एकही सुटी ठेवू नका, पंख्यात गेली तर संपलं.

मेसेजमध्ये पायलटला हवेबद्दल "छान आहे" असं लिहू नका. ढग किती उंच, म्हणजे कुठल्या शिखराचा माथा दिसतोय आणि कुठल्याचा नाही. वारा कुठून, किती. नवीन बर्फ किती, पाय किती रुततो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बर्फावर सावली पडतेय का, आपलेच स्कीचे माग पन्नास पावलांवरून दिसतायत का. तुम्हाला उभ्याने दिसत नसतील तर वरून त्यालाही दिसणार नाहीत, आणि मग तो उतरणार नाही. खरं तेच लिहा, घरी जायची कितीही ओढ लागली असली तरी.

येतो असं उत्तर आलं तरी तंबू लगेच पाडायचा नाही. आम्ही सामान भरतो, स्लेड बांधतो, पण एक तंबू आणि एक स्टोव्ह विमानाचा आवाज कानावर येईपर्यंत उभाच ठेवतो. त्या दिवशी पहिल्यांदा आवाज आला, घिरट्या घातल्या आणि परत गेला, खिंडीत ढग होता. दुपारी अडीचला परत आला. मधल्या चार तासांत त्याच उभ्या तंबूत शेवटचं पिठलं केलं. मग ऑटर उतरलं, पायलटने दार उघडून आधी शौचाचे डबे मागितले, ते सगळ्यात मागे लागतात, मग स्लेड, मग स्की, आणि शेवटी आम्ही.